भरतीआधीचं गणित

(दृश्य : जुलै महिना, नेरुळ. धारण तलावावर पडणारा पाऊस, पलीकडे इमारतींची रांग.)

नवी मुंबईत पाऊस लागून राहिला की दोन वेळापत्रकं एकदम बघावी लागतात. एक पावसाचं आणि दुसरं भरतीचं. हे शहर वसवण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली, त्यानंतर वाशी, नेरुळ, बेलापूर असे एकेक विभाग वसत गेले. त्यातली बरीचशी जमीन खाडीकाठची, सखल. काही ठिकाणी मिठागरं, काही ठिकाणी भातखाचरं, त्यावर भराव. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी इथल्या सखल भागांपेक्षा वर चढतं. त्या वेळी नाल्यातलं पाणी खाडीत जाऊच शकत नाही. त्याला कुठेतरी थांबावं लागतं.

ते थांबावं म्हणून हे धारण तलाव केले. लोकांच्या तोंडी होल्डिंग पाँड. नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई या उद्यानात ज्या पाण्याभोवती माणसं संध्याकाळी फेऱ्या मारतात, तो असाच एक तलाव. खाडीकडच्या तोंडाशी झडपेची दारं असतात. भरती चढली की बाहेरचं पाणीच ती दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पाणी ती ढकलून वाट काढतं. आगरी शेतकऱ्यांनी खारजमिनीच्या बांधाला उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, ठेवून पिढ्यान्‌पिढ्या हेच तर केलं.

एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं. त्यातले जेमतेम सहा तास पाणी उतरतं असतं. तेवढ्यात तलाव किती रिकामा होईल? पुढच्या भरतीला दारं बंद होतील तेव्हा आत किती जागा उरलेली असेल? पंप लावायचे की नाही, सखल भागातल्या लोकांना सावध करायचं की नाही, हे या उत्तरावर ठरतं. आणि उत्तर पाणी चढण्याच्या आधी हवं.

(पडद्यावर : रिकामी पाटी. खडूने एक तलाव, एक दार.)

तलावाच्या पातळीचा वेग काढायला अवघड काहीच नाही. आत येणारं पाणी, वजा बाहेर जाणारं पाणी, भागिले तलावाचं क्षेत्रफळ. अडचण दुसरीकडे आहे. बाहेर जाणारं पाणी किती, हे पातळीवरच अवलंबून असतं. सतराव्या शतकात इटलीतल्या तोरिचेल्लीने दाखवून दिलं की भोकातून पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. उंची चौपट असेल तर वेग दुप्पट. म्हणजे पातळी कळायला वेग हवा आणि वेग कळायला पातळी हवी. अशा बांधणीच्या समीकरणाला अवकल समीकरण म्हणतात. बारावीत डिफरन्शियल इक्वेशन म्हणून भेटलेलं, आणि परीक्षेनंतर बहुतेकांनी सोडून दिलेलं.

लेओनार्ड ऑयलर १७०७ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला जन्मला. १७६८ साली सेंट पीटर्सबर्गहून प्रसिद्ध झालेल्या समाकलनावरच्या (इंटिग्रेशनच्या) ग्रंथात त्याने एक वाट सांगितली. ती इतकी साधी आहे की आठवीतल्या मुलालाही जमावी. आत्ताचा वेग काढा. थोडा वेळ तो तसाच राहील असं धरा. त्या वेळात पातळी जिथे पोचेल तिथे थांबा, नवा वेग काढा, पुन्हा पुढे व्हा.

करून बघू. आपला तलाव कल्पनेतला आहे, पण आकडे नवी मुंबईत शोभतील असे घेऊ. क्षेत्रफळ दहा हेक्टर. पाऊस थांबलाय, ओहोटी पूर्ण लागलीय, खाडी दाराच्या बरीच खाली. दाराच्या तोंडापासून मोजलं तर आत २.२५ मीटर पाणी. दार असं आहे की उंचीच्या वर्गमुळाला ०.८ ने गुणलं की पातळी तासाला किती मीटर उतरते ते मिळतं. २.२५ चं वर्गमूळ १.५. म्हणजे आत्ताचा वेग तासाला १.२ मीटर.

एक तासाची उडी घेतली तर २.२५ मधून १.२ गेले, उरले १.०५ मीटर.

एवढं सोपं उदाहरण असल्यामुळे इथे खरं उत्तर सूत्राने काढता येतं : १.२१ मीटर. ऑयलरच्या हिशेबात तलाव १६ सेंटीमीटरने जास्त रिकामा दिसतोय. चूक याच बाजूला होणार होती. पाणी जसं उतरतं तसा वेग मंदावतो, आपण मात्र तासभर सुरुवातीचाच वेग धरून बसलो. आणि ही धोक्याची बाजू आहे. कागदावर जागा शिल्लक, तलावात ती नाही.

आता अर्ध्या तासाच्या दोन उड्या. पहिल्या उडीला १.६५. तिथे नवं वर्गमूळ, नवा वेग, दुसऱ्या उडीला सुमारे १.१४. चूक साडेसात सेंटीमीटरच्या आत आली. पंधरा मिनिटांच्या चार उड्या घेतल्या की सुमारे १.१७, चूक साडेतीन सेंटीमीटर. पायरी निम्मी केली की चूकही जवळपास निम्मी होते. मला या पद्धतीतलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. खरं उत्तर माहीत नसलं तरी पायरी निम्मी करून उत्तर किती हललं ते बघता येतं, आणि त्यावरून चूक केवढी असेल याचा अंदाज बांधता येतो.

उलट जाऊन दोन तासांची एकच उडी घेतली तर काय होतं, तेही बघायला हवं. २.२५ वजा २.४. तलावात उणे १५ सेंटीमीटर पाणी! प्रत्यक्षात तेव्हा ४९ सेंटीमीटर शिल्लक असतं. पुढच्या पायरीला तर उणे संख्येचं वर्गमूळ काढायची वेळ येते आणि संगणक तिथेच अडतो. तो अडतो हे बरंच आहे. चुकीचं उत्तर बरोबर दिसत राहणं जास्त वाईट.

पायऱ्या लहान घ्याव्यात आणि चुका साचत जातात, हे ऑयलरने स्वतःच सांगून ठेवलं होतं. पुढे जर्मनीत रुंगं यांनी १८९५ मध्ये, हॉइन यांनी १९०० मध्ये आणि कुट्टा यांनी १९०१ मध्ये यात मोठी सुधारणा केली. हॉइनची युक्ती आपल्याच तलावावर लावू. एक तासाची उडी घेऊन १.०५ ला पोचा, तिथला वेग काढा : तासाला सुमारे ०.८२. आता सुरुवातीच्या १.२ ची आणि याची सरासरी घ्या आणि मूळ जागेवरून पुन्हा निघा. उत्तर १.२४. चूक तीन सेंटीमीटर. वेग दोनदाच काढला आणि ऑयलरच्या चार उड्यांपेक्षा जवळ पोचलो.

(दृश्य : लॅपटॉपवर एक्सेलचा तक्ता. बाजूला भरती-ओहोटीचं छापील पत्रक.)

आता पाऊस परत सुरू करू आणि खाडीलाही हलू देऊ. इथे सूत्राची साथ सुटते. पाऊस कुठल्या नियमाने पडत नाही, तो पर्जन्यमापकावर तासातासाला मोजलेला असतो. त्यात दार मधूनच बंद होतं. पायरीपायरीच्या हिशेबाला याचं काहीच जड जात नाही. तक्त्यात चार रकाने : वेळ, पाऊस, खाडीची पातळी, तलावाची पातळी. आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा वर असेल तर दोन्हींतल्या फरकाचं वर्गमूळ घ्यायचं, नसेल तर बाहेर जाणारं पाणी शून्य. ओळ खाली ओढत न्यायची.

दार बंद असतानाचा हिशेब करू. दोनशे हेक्टरचं पाणी या तलावाकडे येतंय, पाऊस तासाला ५० मिलिमीटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. सरासरी काढली तरी तासाला जवळपास ४०. तेव्हा ५० हा आकडा फुगवलेला नाही. जमीन काँक्रीटची, सगळं पाणी वाहून येतं असं धरलं तर तासाला एक लाख घनमीटर. दहा हेक्टरचा तलाव तासाला बरोबर एक मीटर चढतो.

पण तलाव दहा हेक्टरचा राहिलाय का? वर्षानुवर्षं गाळ येतोय, गाळावर खारफुटी उभी राहते, आणि कायद्याने संरक्षण असलेली खारफुटी हटवून उपसा करणं सोपं नाही. ते संरक्षण योग्यच आहे, काठ तीच धरून ठेवते. हिशेबात मात्र जुना आकडा चालणार नाही. पाण्याला मोकळी जागा आठच हेक्टर उरली असेल तर तलाव तासाला सव्वा मीटर चढेल. दोन तासांत अर्ध्या मीटरचा फरक. पायरी पंधरा मिनिटांवरून एका मिनिटावर आणली तरी हा फरक तिळभर कमी होत नाही, कारण तो गणितात नाही, तळाशी आहे. म्हणून दर वर्षी एप्रिल-मे महिन्यात, पावसाच्या आधी, प्रत्येक धारण तलावाची खोली काठापासून मध्यापर्यंत मोजली जावी आणि ते आकडे विभागातल्या रहिवाशांना बघायला मिळावेत. तक्ता मग कॉलेजातली मुलंही करतील.