एकाच नदीकाठची दोन मैदानं

(दृश्य: ड्रोन. पहाटेची मिसिसिपी, पाण्यावर धुकं, मालवाहू बार्ज.)

लुइझियाना राज्याची राजधानी, बॅटन रूज. शहराच्या उत्तर टोकाला नदीच्या उंच कड्यावर सदर्न विद्यापीठ उभं आहे. इथून प्रवाहाबरोबर दक्षिणेला निघालं की आधी तेलशुद्धीकरण कारखान्याच्या चिमण्या लागतात, मग राज्य विधिमंडळाची चौतीस मजली इमारत. आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला दिसतं टायगर स्टेडियम, एक लाखाहून जास्त प्रेक्षकांचं. हे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचं, म्हणजे एलएसयूचं मैदान.

(दृश्य: स्टेडियमसमोरच्या पिंजऱ्यात फिरणारा वाघ, काचेला नाक लावून उभी मुलं.)

हा माइक. एलएसयूचा जिवंत वाघ. घरच्या सामन्याच्या शनिवारी माणसं आधी याला बघायला येतात, मग आत जातात. इथं फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड, लंबगोल चेंडू. एलएसयूचा संघ १८९३ पासून खेळतोय.

दोन्ही विद्यापीठं सरकारी, एकाच शहरातली. गाडीनं अर्ध्या तासाच्या आतलं अंतर. आणि या दोघांचा फुटबॉलचा पहिला सामना झाला १० सप्टेंबर २०२२ रोजी.

(दृश्य: सदर्नचं आवार. ओकची जुनी झाडं, कड्यावरून दिसणारं नदीचं वळण.)

इतका उशीर का झाला, ते या आवारात फिरताना समजत जातं. सदर्नची स्थापना १८८०ची, न्यू ऑर्लिन्समधली. १९१४ साली ते इथं, स्कॉटलंडव्हिल भागात आलं. १९६४ पूर्वी कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी उभ्या राहिलेल्या अशा संस्थांना अमेरिकेत एचबीसीयू म्हणतात. त्या उभ्या राहिल्या, कारण दुसरे दरवाजे बंद होते. १९५३ मध्ये ए. पी. ट्युरो ज्युनियर हा तरुण न्यायालयाचा आदेश घेऊन एलएसयूमध्ये दाखल झाला. पदवीपूर्व वर्गातला तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. काही आठवड्यांतच त्याला बाहेर पडावं लागलं.

खेळांसाठी तर खास कायदाच होता. १९५६ मध्ये लुइझियानाच्या विधिमंडळानं गोऱ्या आणि काळ्या खेळाडूंनी एकत्र खेळण्यावर बंदी घातली. न्यू ऑर्लिन्सचा मुष्टियोद्धा जोसेफ डॉर्सी या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेला आणि १९५९ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. कायदा गेला, तरी एलएसयूच्या फुटबॉल संघात कृष्णवर्णीय खेळाडू दिसायला सत्तरचं दशक उजाडलं.

(दृश्य: सदर्नचं ममफर्ड स्टेडियम, रिकाम्या बाकांवर ऊन.)

त्या काळात देशातले उत्तमोत्तम खेळाडू अशाच मैदानांवर घडत होते. पिट्सबर्ग स्टीलर्स या व्यावसायिक संघाचा मेल ब्लाउंट सदर्नचा. वॉल्टर पेटन जॅक्सन स्टेट या दुसऱ्या एचबीसीयूचा. याच राज्यातल्या ग्रॅम्बलिंग या एचबीसीयूला प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांनी ४०८ सामने जिंकले आणि डग विल्यम्सला घडवलं. हाच विल्यम्स पुढे सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, ठरला. मग मोठ्या विद्यापीठांनी दारं उघडली आणि याच मुलांना नेलं. खेळाडू गेले. त्यांच्या मागोमाग टीव्ही गेला आणि पैसाही गेला. जुनी विद्यापीठं मात्र तिथंच राहिली.

(दृश्य: सराव मैदान. सोसाफोनची, म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेल्या मोठ्या पितळी वाद्यांची रांग, घामानं चिंब टी-शर्ट. आवाज पूर्ण वाढवावा, पंधरा सेकंद निवेदन नाही.)

हा ह्यूमन ज्यूकबॉक्स. सदर्नचा मार्चिंग बँड.

ढोल-ताशा पथकाचा सराव जवळून ऐकलेल्या माणसाला छातीत बसणारा हा दणका ओळखीचा वाटेल. सराव ऑगस्टच्या उकाड्यात सुरू होतो, वर्ग भरण्याच्या आधी. आधी प्रत्येक वाद्याचा गट वेगळा बसतो. ट्रम्पेट एकीकडे, ट्रॉम्बोन दुसरीकडे, ड्रमवाले सावली शोधून. रेडिओवर गाजणारं गाणं बँडची शिक्षक मंडळी पितळी वाद्यांसाठी नव्यानं बांधतात. मुलं ते तोंडपाठ करतात. मग सगळे मैदानात.

(दृश्य: जवळून पावलं. गुडघा कमरेपर्यंत, पुन्हा खाली.)

ही चाल बघा. गुडघा कमरेइतका वर, पंजा खाली ताणलेला, आणि वाजवताना ओठ वाद्यापासून हलता कामा नये. एक ओळ वाकडी झाली की सगळे परत पहिल्या जागेवर. हे पुन्हा, पुन्हा, पुन्हा. बँडच्या पुढे चालणारा म्होरक्या, ड्रम मेजर, पाठ मागे झुकवतो, इतकी, की टोपीचा तुरा गवताला टेकेल असं वाटतं. ‘डान्सिंग डॉल्स’ हा मुलींचा नृत्यसंघ १९६९ पासून या बँडच्या पुढे चालतो. एचबीसीयूंच्या सामन्यात मध्यंतराला खुर्ची सोडायची नसते. आणि सामना संपल्यावर दोन्ही बँड समोरासमोर ठाकतात, एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. सामन्याचे भाग चार, म्हणून याला ‘फिफ्थ क्वार्टर’, पाचवा भाग, म्हणतात. तोवर धावफलकाकडे कोणी पाहत नाही.

(दृश्य: निळ्या-सोनेरी गणवेशांच्या पेट्या बसमध्ये चढताना. बसची काच, मागे पडणारा कारखाना.)

त्या सप्टेंबरच्या शनिवारी हा बँड शहर ओलांडून टायगर स्टेडियमला गेला. तिथं एलएसयूचा ‘गोल्डन बँड फ्रॉम टायगरलँड’ होता. आजवर एकाच शहरात वाढलेले हे दोन आवाज फुटबॉल सामन्याला त्या रात्री पहिल्यांदा एका मैदानात आले. एलएसयूनं सामना ६५-१७ असा जिंकला.

(दृश्य: स्टेडियमबाहेरची गर्दी. जांभळे आणि निळे शर्ट एकाच शेगडीभोवती.)

असे सामने एकतर्फी होतात, मग घ्यायचेच कशाला, असं विचारलं जातं. प्रश्न खोटा नाही. मोठ्या संघांना अनेक वर्षं ८५ शिष्यवृत्त्या देता येत होत्या, सदर्नसारखे संघ ज्या खालच्या गटात खेळतात, त्यातल्या संघांना ६३. तेवढ्या भरायलाही अनेक एचबीसीयूंकडे पैसा नसतो. २०१२ मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना स्टेटनं सलग दोन शनिवारी ओक्लाहोमा स्टेटकडून ८४-० आणि फ्लोरिडा स्टेटकडून ५५-० असा मार खाल्ला, आणि दोन्ही मिळून ८ लाख ६० हजार डॉलर मानधन घरी नेलं. २०१५ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाविरुद्ध खेळताना सदर्नचा डेव्हन गेल्स मानेच्या दुखापतीनं अपंग झाला.

पण एलएसयू दर वर्षी एका छोट्या संघाला पैसे देऊन घरी बोलावतच असते. बाराच सामने, त्यातले जास्तीत जास्त घरी हवेत, आणि भरलेल्या स्टेडियमची कमाई पाहुण्यांच्या मानधनाच्या कितीतरी पट असते. लुइझियानातलीच छोटी कॉलेजं आलटून पालटून येतात. साउथईस्टर्न, मॅकनीस, निकोल्स. २०१९ मध्ये नॉर्थवेस्टर्न स्टेट आलं होतं. निकाल, एलएसयू ६५, नॉर्थवेस्टर्न १४. सदर्नपेक्षा तीन गुण कमी. म्हणजे मोठ्यानं छोट्याशी खेळावं की नाही, हे इथं केव्हाच ठरलेलं होतं. राज्याच्या सरकारी विद्यापीठाचं मैदान आणि राज्यातलीच कॉलेजं. त्या यादीत नदीवरच्या शेजाऱ्याचं नाव यायला २०२२ उजाडलं, ग्रॅम्बलिंगचं यायला २०२३.

(दृश्य: सदर्नच्या आवारातली जुनी इमारत, पाण्याचे ओघळ उतरलेली भिंत. कॅमेरा स्थिर.)

सदर्न जमीन-अनुदान विद्यापीठ आहे, म्हणजे शेती आणि तंत्रशिक्षणासाठी केंद्राच्या मदतीवर उभं राहिलेलं. एलएसयूही आहे. वंशभेद पाळणाऱ्या राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी वेगळी संस्था चालवावी, ही अट १८९०च्या कायद्यानं घातली होती, आणि दोघांना न्याय्य वाटा मिळावा अशी अपेक्षा होती. २०२३ मध्ये केंद्राच्या शिक्षण आणि कृषी खात्यानं सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली. १९८७ ते २०२० या काळात अशा विद्यापीठांना १२ अब्ज डॉलरहून जास्त निधी कमी मिळाला, असं त्यांत होतं. लुइझियाना त्या सोळांत आहे. एका सामन्याच्या मानधनानं ही तूट भरत नाही, पण बसचं भाडं, नवे सोसाफोन, मुलांच्या शिष्यवृत्त्या यांचा काही भाग त्यातून निघतो.

(दृश्य: ममफर्ड स्टेडियमचं फाटक उघडताना.)

आणि मोठ्यानं छोट्याच्या गावी जायलाही हरकत नाही. ऑक्टोबर १९७९ मध्ये मायामी विद्यापीठ टालाहासीला गेलं, फ्लोरिडा ए अँड एमच्या घरी. यजमान एचबीसीयू १६-१३ नं जिंकलं. त्याच मायामीनं चार वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. सदर्नच्या मैदानात एलएसयूच्या स्टेडियमच्या तिसऱ्या हिश्शाएवढीही माणसं मावत नाहीत, म्हणून तिकिटाचा हिशोब जमत नाही, हे खरं. तो तोटा एका वर्षी सोसण्याइतकी एलएसयू श्रीमंत आहे.

(दृश्य: सराव संपतो. मुलं वाद्यं उचलून वर्गाकडे.)

आता जागा कमी होत चालली आहे. एलएसयू ज्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या साखळी गटात, खेळते, तिनं २०२६ पासून आपसातले सामने आठवरून नऊ केले. बारांतले उरले तीन. त्यांतला एक मोठ्या कॉन्फरन्सच्या संघाशी खेळणं सक्तीचं. उरले दोन. त्या दोन शनिवारी कुणाला बोलवायचं, हे एलएसयूचा क्रीडा विभाग ठरवतो. सदर्न आणि ग्रॅम्बलिंगचं नाव त्यात पाळीपाळीनं, ठरलेल्या वर्षी यायला हवं.