घरच्या गाडीचे जुने कागद

मंडळी, ब्रिटिश मोटारींचा विषय निघाला की लोक रोल्स-रॉइस, बेंटली, जग्वार यांच्याबद्दल विचारतात. त्या गाड्यांचा इतिहास नीट जपलेला आहे. लिलावाच्या यादीत प्रत्येक मालक नावानिशी सापडतो. आज मी बोलणार आहे शाळेतले मास्तर, गावोगाव फिरणारी नर्स आणि दोन मुलं, आजी नि तंबू घेऊन समुद्रावर जाणारं कुटुंब यांच्या गाड्यांबद्दल. मॉरिस मायनर, ऑस्टिन ए-३५, हिलमन मिंक्स, ट्रायम्फ हेरल्ड. मोटार कारखान्यांच्या कॉव्हेंट्री शहरात माझी नोकरीची वर्षं गेली, त्यामुळे या गाड्या बनवणारे हात आणि त्या चालवणारी घरं, दोन्ही मला जवळून पाहता आली. साध्या माणसाच्या साध्या गाडीलाही इतिहास असतो आणि तो शोधून काढता येतो, एवढंच मला सांगायचं आहे.

मॉरिस मायनरवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझा जीव तिच्यावर आहे. ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. तिचा कर्ता अॅलेक इसिगोनिस. जन्म तुर्कस्तानातल्या स्मर्ना शहरातला, आजचं इझमीर. पुढे १९५९ ची मिनी त्यानंच केली. मायनरचा आराखडा पक्का झाला, नमुना तयार झाला, आणि इसिगोनिसला ती अरुंद वाटू लागली. त्यानं गाडी मधोमध उभी कापायला लावली आणि दोन्ही अर्धुकं डोळ्यांना बरी दिसेपर्यंत एकमेकांपासून सरकवून पाहिली. अंतर भरलं चार इंच. तेवढी रुंदी वाढवून गाडी कारखान्यात गेली. म्हणून मायनरच्या बॉनेटवर मधोमध एक सपाट, उंचावलेली पट्टी दिसते. बंपर तर आधीच बनून पडले होते, तेही कापून मध्ये चार इंचांचा तुकडा घातला. सुरुवातीच्या गाडीसमोर उभं राहिलात तर तो जोड आजही दिसतो.

मॉरिस कंपनीचे संस्थापक लॉर्ड नफील्ड यांना ती आवडली नव्हती. पाण्यात सोडून शिजवलेल्या अंड्यासारखी दिसते, असं ते म्हणाले होते. लोकांचं मत निराळं पडलं. डिसेंबर १९६० मध्ये दहा लाखावी मायनर तयार झाली. ब्रिटनमध्ये तोपर्यंत कुठल्याच मॉडेलनं हा आकडा गाठला नव्हता. त्या निमित्तानं फिक्या जांभळ्या रंगाच्या साडेतीनशेच्या आसपास खास गाड्या काढल्या. १९७१ पर्यंत एकूण साधारण सोळा लाख झाल्या. पोलीस, टपालखातं, खेड्यापाड्यांतल्या नर्स, सगळ्यांकडे ती होती. टपालखात्याच्या सुरुवातीच्या व्हॅनना तर पुढचे मडगार्ड रबराचे होते, अरुंद गल्ल्यांत घासले तरी चेपू नयेत म्हणून.

ज्यानं ती चालवली त्याला तिचा आवाज विसरता येत नाही. उतारावर पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की सायलेन्सरमधून एक फुरफुर निघते. डोळे मिटून ओळखावी अशी. वळताना दाराच्या मागच्या खांबातून नारिंगी दिव्याचा एक हात खटकन बाहेर यायचा. लुकलुकणारे दिवे मायनरला १९६१ मध्ये आले. आणि तिची ट्रॅव्हलर नावाची लांब आवृत्ती! मागचा अर्धा सांगाडा अॅश झाडाच्या लाकडाचा, वरून वॉर्निश. ते लाकूड शोभेचं नाही, मागच्या भागाचा भार त्याच्यावर आहे. म्हणून २०१८ पर्यंत, इतक्या जुन्या गाड्यांनाही वार्षिक तपासणी सक्तीची होती तेव्हा, तपासनीस लाकडाच्या सांध्यांत टोचून पाहायचा, आणि कुजलेलं निघालं तर गाडी नापास. आमच्या गल्लीतल्या एका ट्रॅव्हलरच्या मागच्या सरकत्या काचांच्या खाचेत हिरवं शेवाळ उगवलेलं असायचं. तिचे मालक जुना दातांचा ब्रश घेऊन दर वसंतात ते काढत बसत.

आता शोधाकडे येतो. सुरुवात नंबरपाटीपासून करायची. १९३२ पासून तीन अक्षरी नंबर आले. त्यांतली शेवटची दोन अक्षरं नोंदणी कुठल्या कचेरीत झाली ते सांगतात. एफसी, जेओ किंवा डब्ल्यूएल असेल तर गाडी ऑक्सफर्ड शहरातली. १९६३ पासून वर्षाचं अक्षर मागे लागू लागलं आणि १९६५ पासून ते सगळीकडे आलं. जुना फोटो हातात असेल आणि पाटी वाचता येत असेल, तर निम्मं काम झालंच.

दुसरा कागद लॉगबुक. १९२१ पासून ते मिळत असे. घडीचं, जाड कागदाचं छोटं पुस्तक. प्रत्येक मालकाचं नाव आणि पत्ता, त्यावर काउंटी, म्हणजे तिकडच्या जिल्हा, कचेरीचा तारखेचा शिक्का. इंजिन बदललं, रंग बदलला, तर त्याचीही नोंद त्यातच. १९७४ पासून नोंदणी वेल्समधल्या स्वान्सीच्या मध्यवर्ती कचेरीत, कॉम्प्युटरवर गेली, आणि नव्या कागदावर सगळ्या मालकांची यादी राहिली नाही. मागच्या मालकांची अख्खी माळ त्या एका बदलात तुटली. मला याचं खरंच वाईट वाटतं. काही काउंट्यांनी आपली जुनी रजिस्टरं अभिलेखागारात दिली, काहींनी नष्ट केली. १९८३ च्या अखेरीपर्यंत ज्यांची नोंद कॉम्प्युटरवर चढली नाही, त्या गाड्यांचा मूळ नंबरही गेला. गोठ्यात, गॅरेजात झाकून ठेवलेल्या कितीतरी गाड्या यात सापडल्या. जुन्या कागदांचा पुरावा दिला तर तो नंबर परत मिळवायची सोय आहे, पण पुरावा हवा. तिथे पुन्हा लॉगबुकच कामाला येतं.

तिसरी जागा वॉरिकशायरमधलं गेडन. तिथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमच्या संग्रहात मॉरिस, ऑस्टिन अशा अनेक कंपन्यांच्या उत्पादनाच्या वह्या आहेत. चासी नंबर कळवला की गाडी कधी बनली, कुठल्या रंगाची होती, कुठल्या विक्रेत्याकडे गेली, हे प्रमाणपत्रावर मिळतं. हिलमनवाल्यांनी बॅनबरीजवळच्या रॉक्सटनचं, हिलमन बनवणाऱ्या रूट्स कंपनीचं, रूट्स आर्काइव्ह गाठावं.

एक उदाहरण सांगतो. आमच्या ओळखीच्या एका बाईंच्या गॅरेजमध्ये १९५५ ची चार दारांची मायनर होती. वडिलांची गाडी, हिरवी. त्यांच्या मुलाला ती चालू करायची होती आणि तिचा मूळ रंग हिरवाच, असं घरातल्या सगळ्यांचं ठाम म्हणणं. शिवणकामाच्या खणात लॉगबुक सापडलं. पहिली मालकीण एक नर्स. मग एक किराणा दुकानदार. मग बाईंचे वडील. दुकानदाराच्या पानावर निळ्या शाईत इंजिन बदलल्याची नोंद होती. म्हणजे मूळचं ८०३ सीसीचं इंजिन त्याच्याकडे असतानाच गेलं. त्यानंतर आम्ही चासी नंबरची पट्टी पुसून स्वच्छ केली. त्या काळच्या मॉरिसमध्ये नंबराआधी जी अक्षरं असतात, त्यांतलं पहिलं मॉडेलचं, दुसरं बॉडीचं, तिसरं रंगाचं. तिसरं अक्षर हिरव्याचं नव्हतं. मुलानं दाराच्या आतलं पुठ्ठ्याचं आवरण स्क्रू काढून सोडवलं. आत, जिथे ब्रश कधी पोचला नव्हता, तिथे करडा रंग जसाच्या तसा होता. गेडनहून कागद आला, त्यावर लिहिलं होतं: क्लॅरेन्डन ग्रे. बाई त्या करड्या पत्र्यावरून बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. नर्सच्या जुन्या पत्त्यावर आज दुसरंच घर उभं आहे, पण गावच्या चर्चमधल्या वयस्कर लोकांना ती करडी गाडी आठवत होती.

आपल्याकडे हे सगळं परकं नाही. ऑक्सफर्डजवळच्या कॉउलीत बनलेल्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्रीचं रूप घेऊन बंगालमधल्या उत्तरपाड्याला अॅम्बॅसडर निघाली आणि मे २०१४ पर्यंत बनत राहिली. तिच्याआधीची लँडमास्टर म्हणजे ऑक्सफर्ड सीरिज टू. मायनर इथे बेबी हिंदुस्थान म्हणून फिरली. ट्रायम्फ हेरल्ड मद्रासला स्टँडर्ड हेरल्ड म्हणून बनली, आणि चार दारांची हेरल्ड तर ब्रिटनमध्ये कधी झालीच नाही, ती फक्त इथली. इंग्लंडमधले हेरल्डवेडे तिचे फोटो मागतात.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी यांतली एखादी गाडी होती का? असेल तर आरसी बुक शोधा, विम्याच्या पावत्या शोधा, आणि आल्बम काढा. एमएच १२ वगैरे पद्धत १९८९ नंतरची आहे. गाडीपुढे उभ्या असलेल्या आजोबांच्या मागे बीएमनं सुरू होणारी मुंबईची जुनी पाटी दिसत असेल, तर तो फोटो मला जरूर दाखवा. मी एक लॉगबुक आणलं आहे, इथे टेबलावर ठेवतो. पानं उलटून पाहा, शिक्क्यांवरच्या तारखा वाचा, आणि मग प्रश्न घेऊ.