पाळणा लांबवायचा की थांबवायचा?

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित रूप)

मंडळी, बाहेरच्या फलकावर माझ्या व्याख्यानाचा विषय लिहिलाय ‘स्त्री-आरोग्य : काही पैलू’. मी पाठवला होता तो वेगळा होता. ‘नको असताना राहिलेले दिवस’ असं मी लिहून दिलं होतं. परवा संयोजकांचा फोन आला, “मॅडम, फलक चौकात लागतो, शाळेची मुलं येता-जाता वाचतात.” मी म्हटलं, वाचू देत की. पण ते बिचारे ओशाळले होते, म्हणून मीही ताणलं नाही. खरं सांगू का, माझ्या भाषणाचा पहिला मुद्दा त्यांनीच चौकात लावून ठेवलाय.

ही अडचण शंभर वर्षांची आहे. १९२१ साली लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला संततिनियमनाचा दवाखाना उघडला, आणि त्याच वर्षी आपल्या मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. त्यांच्यावर खटले झाले हे आपल्याला ऐकून माहीत असतं, पण कशाबद्दल झाले हे बघा. १९३४ चा खटला वाचकांच्या खासगी प्रश्नांना उत्तरं छापली म्हणून झाला. लोकांनी विचारलं, यांनी सांगितलं, एवढाच गुन्हा. त्यांच्या बाजूने कोर्टात उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला.

कर्व्यांचं नाव घेताना त्यांच्या पत्नी मालतीबाईंचं नाव आपल्या तोंडात येत नाही, म्हणून मी मुद्दाम घेते. मूल नको हे त्या दोघांनी मिळून ठरवलं, आणि शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःची करून घेतली. हे जरा लक्षात असू द्या, मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

आता प्रश्नांचं म्हणाल तर ते अजून तेच आहेत. मी कॉलेजात बोलायला जाते तेव्हा बुटांचा एक रिकामा खोका नेते, झाकणाला चीर पाडलेली. चिठ्ठी टाका, नाव लिहू नका. पहिली पाच मिनिटं कुणी हलत नाही. मग एक मुलगी उठते, की खोका भरतोच. हे खोके मी तीस वर्षं वाचतेय.

सगळ्यात जास्त वेळा येणारी चिठ्ठी : “पाळीनंतर किती दिवस सेफ असतात?” याचं उत्तर मुलांना आकड्यात हवं असतं, आणि मला ते देता येत नाही. कारण बीज बाहेर पडतं ते साधारण पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी. मागच्या नव्हे, पुढच्या. आता पुढची पाळी कधी येणार हे आज कुणाला ठाऊक? एखादीला एका महिन्यात अठ्ठावीस दिवसांनी येते, परीक्षेच्या महिन्यात पस्तीस दिवसांनी. त्यात पुरुषाचं बीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतं. म्हणजे रविवारी जे घडलं त्याने गुरुवारी दिवस राहू शकतात. हा हिशोब चुकतो तेव्हा मुलगी म्हणते, “पण मॅडम, मी मोजलं होतं.” मोजलेलं असतंच हो. मोजायचं कुठून, तेच कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरी चिठ्ठी मुलांची : “वेळेवर बाहेर काढलं तर काही होत नाही ना?” होतं. शंभर जोडपी वर्षभर एवढ्याच भरवशावर राहिली, तर साधारण वीस जणींना दिवस जातात. निरोधवर राहिली, आणि माणसं जशी असतात तशी राहिली, म्हणजे कधी विसरला, कधी उशिरा घातला, तर तेरा जणींना. प्रत्येक वेळी आणि नीट वापरला तर दोघींना. तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायची कॉपर-टी, बसवली असेल तर शंभरात एकीलाही नाही. तांबीचं काही वेगळं कसब नाही. तिची रोज आठवण ठेवावी लागत नाही, एवढंच. गोळी विसरते, निरोध कपाटात राहतो, तांबी आपली जागेवर असते.

बाकीच्या चिठ्ठ्या भरभर सांगते. एकावर एक दोन निरोध घातले तर जास्त सुरक्षित का? नाही, एकमेकांवर घासून फाटायची भीती उलट वाढते. खोबरेल तेल चालेल का? रबर कमकुवत होतं, लावू नका. पाकिटात महिनोन् महिने ठेवून उपयोग नाही. पहिल्या वेळी दिवस राहत नाहीत, हे खोटं. तांबी वर चढून छातीत जाते, हेही खोटं. ही छातीत जाणारी तांबी मला दर तालुक्यात भेटली आहे, अपवाद नाही.

एका गोष्टीवर मात्र थांबते. मेडिकलमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी जी तातडीची गोळी आहे, ती संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर तितकी बरी. ती बीज बाहेर पडणं पुढे ढकलते. दिवस राहिलेले असतील तर ती काहीही करत नाही. ती गर्भपाताची गोळी नव्हे. गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या, त्यांना डॉक्टरची चिठ्ठी लागते, आधी तपासणी लागते. लोकांच्या डोक्यात या दोन्हींची मिसळ झालेली असते, आणि काही दुकानदारांच्याही. मग मित्र कागदात गुंडाळून काहीतरी आणून देतो, ती होस्टेलच्या बाथरूममध्ये घेते, आणि चौथ्या दिवशी अंगावरून जातंय म्हणून पांढरीफटक होऊन आमच्याकडे येते. गर्भ पिशवीत न राहता नळीत अडकलेला असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही आणि नळी फुटली तर जीव जातो. तपासणी आधी करायची ती यासाठी.

तुम्ही म्हणाल, हे शाळेत शिकवत नाहीत का? पुस्तकात पुनरुत्पादनाचा धडा आहे. तो “घरी वाचून या” या सदरात मोडतो. २००७ साली शाळांमधल्या किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमाविरुद्ध देशभर गदारोळ झाला, बऱ्याच राज्यांनी तो थांबवला, त्यात फुले आणि कर्व्यांचा महाराष्ट्रही होता. मुलं बिघडतील हा आक्षेप. जगभर हे तपासून झालंय. नीट लैंगिक शिक्षण मिळालेली मुलं लवकर सुरुवात करत नाहीत, आणि करतात तेव्हा साधन वापरण्याची शक्यता जास्त असते. बिघडायचं सगळं सामान त्यांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये पोचलेलं आहे. फक्त बीज कधी बाहेर पडतं, ते त्यात कुणी बघत नाही.

आता मोठ्यांकडे वळते. इथे बसलेल्या ताई-माईंना मी विचारलं की कुटुंब नियोजन म्हणजे काय, तर निम्म्या जणी म्हणतील, “ऑपरेशन.” आणि आकडेही तेच सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं होतं. ज्यांच्या नवऱ्याने करून घेतलं अशा ०.४ टक्के. दोनशे घरांत एक माणूस सापडणं मुश्कील. रघुनाथराव कर्वे आजही अल्पसंख्यच आहेत.

असं का झालं? पुरुष आधीपासून असे नव्हते. साठच्या दशकात पुरुषांची नसबंदी आपल्याकडे बऱ्यापैकी चालायची. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात साठ लाखांहून जास्त पुरुषांच्या नसबंद्या झाल्या. माणसं एसटीतून उतरवून नेली, पगार अडवले. आपल्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून बचावलो. त्यानंतर कुठल्याही पक्षाला पुरुषाच्या वाटेला जायची हिंमत झाली नाही, आणि कोटा बाईवर आला. शस्त्रक्रिया म्हणून पाहिलं तर बायकांची जास्त अवघड, पोट उघडावं किंवा दुर्बीण घालावी लागते. पुरुषांची बिनटाक्याची, जागा बधिर करून दहा-पंधरा मिनिटांत होते, माणूस चालत घरी जातो. ताकद जात नाही, हार्मोन पहिल्यासारखेच रक्तात येत राहतात. तीन महिने मात्र दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. हे न सांगितल्यामुळे मी दोन संसार मोडता मोडता वाचलेले बघितलेत. बायकोला दिवस गेले, नवरा म्हणे माझं तर ऑपरेशन झालंय!

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. ऑपरेशन पाळणा थांबवतं. लांबवत नाही. आमच्याकडे मुलगी अठरा-एकोणिसाव्या वर्षी लग्न करते, वर्षात पहिलं, दोन वर्षांत दुसरं, आणि पंचविशीच्या आत टेबलावर. या सगळ्या प्रवासात तिने एकदाही साधन वापरलेलं नसतं. नको असलेले दिवस जातात ते याच मधल्या वर्षांत. पहिलं अंगावर पीत असताना दुसरं राहतं. अंगावर पाजताना दिवस जात नाहीत म्हणतात ते अर्धं खरं आहे : बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, फक्त आईच्या दुधावर हवं, आणि पाळी परत आलेली नको. तिन्हीतलं एक सुटलं की भरवसा सुटला. मग बाई येते, “पिशवी साफ करून द्या” म्हणते. सासूबाई सोबत असतात, बाळ सासूबाईंच्या मांडीवर.

उसाच्या फडात हे आणखी उघडं दिसतं. ऊसतोडीला माणसं पाठवणाऱ्या बीड जिल्ह्यात अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण त्याच पाहणीत चाळीस टक्क्यांच्या वर होतं. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा पोरगा अर्धा कोयता. म्हणून दिवाळीच्या तोंडाला लग्नं लागतात. मुलगी सोळा वर्षांची, सहा महिने परजिल्ह्यात पाचटाच्या खोपीत, तिची आशाताई गावात मागे राहिलेली. दिवस गेले तर तिने सरकारी दवाखान्यात यायचं कसं? अठराच्या आतली गरोदर मुलगी आली की पोक्सो कायद्याने, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने, डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, लग्न झालेलं असलं तरी. कायदा मुलींसाठीच केलाय, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण त्या भीतीने ती आमच्याकडे न येता कुठल्यातरी मागच्या दाराने जाते. सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक वाट काढून दिली आहे : मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिची ओळख सांगायची गरज नाही. हे किती डॉक्टरांना माहीत आहे, विचारून बघा.

त्याच निकालाने अविवाहित आणि विवाहित स्त्रीत गर्भपाताच्या हक्काबाबत फरक करायचा नाही असंही सांगितलं. आणि १९७१ पासून कायद्यात एक साधी गोष्ट आहे, ती मी प्रत्येक व्याख्यानात सांगते. सज्ञान स्त्रीचा गर्भपात करायला फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची सही लागत नाही. तरी कितीतरी ठिकाणी नवऱ्याची सही मागतात. माझ्याच एका नेमणुकीच्या ठिकाणी छापील फॉर्मवर नवऱ्यासाठी रेघ होती. मी ती पेनाने खोडायचे, पुढच्या गठ्ठ्यात पुन्हा छापून यायची. शेवटी मी बदलून गेले, रेघ तिथेच राहिली.

साधनं नाहीत असं मात्र म्हणू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात निरोध फुकट, रोजची माला-एन गोळी फुकट, तांबी फुकट. तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन आहे. ‘छाया’ गोळी आहे, ती लखनौच्या आपल्या सरकारी प्रयोगशाळेतून आली, तिच्यात हार्मोन नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. ‘अंतरा’ने पाळी अनियमित होते, कधी थांबते. हे आधी सांगितलं तर बाई टिकते, नाही सांगितलं तर घाबरून दुसरा डोस घेत नाही आणि गावभर सांगते. गोळी कपाटात आहे की नाही, यापेक्षा ती देताना नर्सबाई पाच मिनिटं बोलली की नाही, यावर सगळं ठरतं. आणि “नवरा कुठाय?” हा पहिला प्रश्न तिने विचारला की नाही, यावरही.

गेल्या महिन्यात एका कॉलेजातल्या खोक्यात चिठ्ठी निघाली. निळ्या शाईत, जपून लिहिलेली. “हे सगळं माझ्या आईला सांगाल का? तिला चौथ्यांदा दिवस गेलेत आणि ती कुणाशी बोलत नाही.” चिठ्ठीवर नाव नव्हतं, माझा तसाच नियम. मी प्राचार्यांना म्हटलं, आयांची एक सभा लावून द्या. ते तयार झाले, भला माणूस. फक्त विचारलं, “सूचनेत विषय काय लिहू?”

मी म्हटलं, लिहा, ‘स्त्री-आरोग्य : काही पैलू.’