गारगोटीतली वीज

[दृश्य: काळोख. दोन हात, दोन पांढरे दगड. घासल्याचा आवाज. दगडांच्या आत क्षणभर पिवळसर उजेड.]

अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासायच्या आणि आतून चमकणारा उजेड बघायचा, हा खेळ लहानपणी अनेकांनी खेळलेला असतो. तो उजेड डोळ्याचं पातं लवेपर्यंतही टिकत नाही. याच दगडातून २५-३० वर्षं पुरेल अशी वीज निघते, ती कशी, ते आता पाहू.

[दृश्य: वरून घेतलेलं सौर प्रकल्पाचं दृश्य. पॅनेलच्या ओळी. ढगाची सावली सरकते.]

पॅनेल आपल्या नजरेला पडतं ते असं. गप्प पडून असलेलं, धूर नाही की आवाज नाही. यात काही जळत नाही असं वाटतं, आणि इथे खरोखरच जळत नाही. जे जळायचं ते आधीच जळून गेलेलं असतं. कोळशाच्या केंद्राला रोज नवा कोळसा घालावा लागतो. पॅनेलचा सगळा खर्च मात्र जन्माच्या वेळी, एकदाच होतो. तो खर्च आपण नीट पाहिला पाहिजे. सौर ऊर्जेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तर आधी पाहिला पाहिजे.

[दृश्य: ट्रक रिकामा होतो. पांढऱ्या दगडांचा ढीग. शेजारी काळा ढीग. त्यापलीकडे लाकडाच्या ढलप्या.]

सौर पॅनेल वाळूपासून बनतं, असं सर्रास सांगितलं जातं. पॅनेलमध्ये वीज बनवतं ते सिलिकॉन हे मूलद्रव्य वाळूत असतंच, पण ते काढायच्या भट्टीला बारीक वाळू मानवत नाही. खालून उठणाऱ्या वायूंना वर यायला वाट राहत नाही, भट्टी कोंडते. म्हणून हे मुठीएवढे दगड. गारगोटीच, फक्त शुद्ध जातीची.

आणि हा काळा ढीग कोळशाचा आहे. गारगोटीत सिलिकॉन आणि ऑक्सिजन एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की त्यांची गाठ सोडवायला कार्बन लागतो. कार्बन ऑक्सिजनला आपल्याकडे ओढतो, त्याचा कार्बन मोनॉक्साइड होऊन वर निघून जातो, आणि खाली सिलिकॉन उरतं. ढलप्यांचं काम दुहेरी. त्यांच्यातून थोडा कार्बन मिळतो, शिवाय दगडांच्या थरात त्या पोकळी राखतात.

[दृश्य: भट्टी. कवेत न मावणारे तीन काळे इलेक्ट्रोड. खालून लाल प्रकाश. थोडा वेळ फक्त भट्टीचा आवाज.]

भट्टीच्या तळाशी तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. ही उष्णता विजेच्या ठिणगीची आहे. एक टन सिलिकॉन काढायला साधारण ११ ते १३ हजार युनिट वीज लागते. म्हणून असे कारखाने बहुतेक वेळा जिथे वीज स्वस्त तिथे उभे राहतात. नॉर्वेसारख्या देशात ती वीज धबधब्यांची असते. अनेक ठिकाणी ती कोळशाची असते, आणि मग पॅनेलच्या खात्यावर पहिल्याच पानावर कार्बनची मोठी नोंद होते.

[दृश्य: कामगार लांब सळईने भट्टीचं तोंड मोकळं करतो. नारिंगी धार. कढई भरते.]

ही धार भट्टीतून पहिल्यांदा बाहेर पडते तेव्हा जवळ उभं राहवत नाही. ती थंड झाली की हाती येतात हे राखाडी, चकचकीत तुकडे. बोटाने टिचकी मारली तर काचेसारखा आवाज येतो. शुद्धता ९८ ते ९९ टक्के. ॲल्युमिनियमचे मिश्रधातू करणाऱ्यांना एवढं पुरतं. वीज बनवायची तर १ अब्ज अणूंमागे एखादाच परका अणू चालतो.

या दोन्हींच्या मधलं शुद्धीकरण बंद नळ्यांच्या आत चालतं, तिथे बघण्यासारखं काही दिसत नाही. थोडक्यात सांगायचं तर तुकड्यांपासून आधी सहज वाफ होणारं संयुग बनवतात, त्याची वाफ पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातनातून काढतात आणि मग तापलेल्या सळ्यांवर तिच्यातलं सिलिकॉन थराथराने चढवतात. यातही वीज भरपूर जाते.

[दृश्य: मोठी पांढरी मूस. हातमोजे घातलेले हात शुद्ध सिलिकॉनचे तुकडे एकेक करून रचतात.]

सोनाराकडे असते तशी ही मूस, फक्त दोन हातांत मावणार नाही एवढी. तीही गारगोटीचीच, पण फार दुर्मीळ प्रतीच्या. अशी गारगोटी जगात मोजक्याच ठिकाणी सापडते. त्यातलं सर्वांत नावाजलेलं ठिकाण म्हणजे अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं स्प्रूस पाइन हे छोटं गाव. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन चक्रीवादळाने तिथल्या खाणी बंद पडल्या आणि अशाच मुशी वापरणाऱ्या जगभरच्या चिपवाल्यांचा जीव टांगणीला लागला. सूर्य सगळ्यांचा असला, तरी त्याची वीज पकडणारं साहित्य अशा एखाद्या गावावर अडकून पडलेलं असतं.

तुकडे रचणाऱ्या या हातांकडे पाहा. कोपरा असलेला तुकडा कडेला टेकू द्यायचा नाही. मुशीला बारीक ओरखडा गेला तरी पुढे सगळा माल वाया जाऊ शकतो.

[दृश्य: भट्टीची गोल खिडकी. आत पांढरट-नारिंगी रस. वरून पातळ कांडी हळूहळू खाली येते आणि रसाला टेकते.]

१,४१४ अंशांना सिलिकॉन वितळतं. वरून खाली येतंय ते बीज. पेन्सिलीएवढी कांडी, पण तिच्यातला प्रत्येक अणू शिस्तीत उभा. ती रसाला टेकवायची आणि गोल फिरवत वर ओढायची. रसातले अणू तिला येऊन चिकटतात आणि तिचीच रांग पुढे चालवतात.

ही रीत १९१६ मध्ये यान चोक्राल्स्की या पोलिश शास्त्रज्ञाला सापडली. तो बर्लिनमध्ये काम करत होता. लिहिता लिहिता त्याने टाक शाईऐवजी शेजारच्या वितळलेल्या कथिलात बुडवला, आणि वर काढला तेव्हा टोकाला धातूचा बारीक तंतू लोंबत होता, अशी हकीकत सांगितली जाते. त्या तंतूत एकसंध स्फटिक होता. सौर विजेचं नावही तेव्हा कुणाच्या मनात नव्हतं. आज जगात बनणाऱ्या बहुतेक सगळ्या सौर घटांचा, म्हणजे पॅनेलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्यांचा, स्फटिक असाच ओढलेला असतो.

[दृश्य: जवळून. बारीक मान, तिच्याखाली रुंद होत जाणारा खांदा. कडेला लाल प्रकाशाचं कडं.]

बीज आणि त्याखाली वाढत जाणारा सिलिकॉनचा दंडगोल, म्हणजे इनगॉट, यांच्यामधली ही मान बघा. जाडी काही मिलिमीटर. रचनेतले दोष या अरुंद वाटेतच कडेला निघून जातात आणि पुढचा स्फटिक निर्दोष वाढतो. शेवटी याच मानेवर शेकडो किलोंचा इनगॉट लटकतो.

वेग मिनिटाला जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर. दिवस उजाडतो, मावळतो, पाळी बदलते, पण ओढणं थांबत नाही. घाई झाली की रांग मोडते, आणि मोडलेली रांग पुढे नीट करता येत नाही. पुन्हा वितळवावं लागतं. पडद्यासमोर बसलेला माणूस म्हणून डोळ्यांत तेल घालून त्या लाल कड्याकडे बघत असतो.

[दृश्य: भट्टी उघडते. माणसापेक्षा उंच, आरशासारखा काळसर दंडगोल बाहेर येतो. शेजारी तडकलेली मूस.]

मूस मात्र परत वापरता येत नाही. थंड होताना ती तडकते.

[दृश्य: दंडगोलाच्या चारी बाजू कापल्या जातात. तारेची करवत, पाण्याची धार, राखाडी गाळ.]

गोल इनगॉट चौकोनी करतात, कारण चौकोन शेजारी शेजारी लावले की जागा वाया जात नाही. पॅनेलमधल्या काही चकत्यांचे कोपरे किंचित गोलसर असतात, ते याच गोलाईमुळे. मग हिरेकण लावलेली, केसाहून बारीक तार. एकाच वेळी हजारो चकत्या कापल्या जातात. दोन चकत्यांच्या मधलं सिलिकॉन भुकटी होऊन पाण्याबरोबर जातं. एवढ्या आगीतून आणलेलं हे सिलिकॉन असं वाहून जाताना बघवत नाही. तार बारीक करण्यासाठी सगळे झटतात ते त्यापायीच.

[दृश्य: चिमट्यात धरलेली चकती. किंचित वाकते. प्रकाशात फिरवली की रंग बदलतो.]

जाडी मिलिमीटरच्या सातव्या भागाइतकी. एका बाजूला फॉस्फरसचे अणू, दुसऱ्या बाजूला बोरॉनचे. दोन्ही थर जिथे भेटतात तिथे एक कायमचा उतार तयार होतो. ऊन पडलं की सुटे झालेले इलेक्ट्रॉन त्या उताराने घरंगळतात, आणि तीच वीज. वर चांदीच्या बारीक रेघा छापतात, वीज गोळा करायला. चांदीइतकी चांगली वाहक दुसरी धातू नाही. जगात वर्षभरात खपणाऱ्या चांदीतला दहा टक्क्यांहून जास्त वाटा आता या रेघांत जातो. तांबं वापरायचे प्रयत्न जोरात चालू आहेत.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. छोटा खेळण्यातला पाळणा फिरतो.]

२५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौर घट जगाला दाखवला. चॅपिन, फुलर आणि पिअरसन या तिघांचं ते काम. त्या विजेवर त्यांनी असा एक पाळणा फिरवून दाखवला. पडलेल्या उन्हातलं सुमारे ६ टक्के ऊन विजेत उतरत होतं. आज बाजारातल्या पॅनेलमध्ये २० टक्क्यांहून जास्त उतरतं. १९५८ मध्ये व्हँगार्ड-१ हा उपग्रह सौर घट घेऊन वर गेला. त्याचा रेडिओ १९६४ मध्ये मुका झाला, उपग्रह अजून फिरतोच आहे.

[दृश्य: पुन्हा प्रकल्प. पाणी मारून पॅनेल धुणारे कामगार. काचेवरून ओघळणारा चिखल.]

२०१० नंतरच्या दहा वर्षांत पॅनेलची किंमत जवळपास ९० टक्क्यांनी उतरली. २०२२ मध्ये जगातली सौर क्षमता १० लाख मेगावॉटच्या पुढे गेली. भट्टीत घातलेली ऊर्जा हे पॅनेल साधारण वर्ष-दीड वर्षात फेडतं. ऊन कमी असेल तर थोडं जास्त. पुढची सगळी वर्षं निव्वळ कमाई. कोळशाचं केंद्र आपलं इंधन कधीच फेडू शकत नाही.

त्याचबरोबर हेही खरं की या साखळीच्या प्रत्येक टप्प्याचा ८० टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या चीनच्या हातात आहे, आणि शिनजियांगमधल्या सक्तीच्या मजुरीच्या आरोपांमुळे अमेरिकेने २०२१ मध्ये आयातीवर कायदा केला.

[दृश्य: संध्याकाळ. इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा आकडा उतरत जातो. शून्य. मागे बॅटरीच्या कपाटांचे पंखे चालू होतात.]

लोक दिवे लावतात त्याच वेळी पॅनेल थांबतं. ही उणीव कितीही चांगल्या स्फटिकाने भरून निघत नाही. दिवसा जास्तीच्या विजेने पाणी वर चढवून संध्याकाळी ते टर्बाइनवर सोडणं, हा जुना आणि खात्रीचा उपाय. त्यात दर १०० युनिटमागे २०-३० युनिटं वाटेत जातात, शिवाय डोंगर आणि पाणी दोन्ही हवं. बॅटरीत कमी जातात, पण तिच्यासाठी लिथियम खणावं लागतं. कित्येक ठिकाणी वारा रात्री जोर धरतो, म्हणून पवनचक्क्या आणि सौर यांची जोडी चांगली जमते.

[दृश्य: एक शेड. भिंतीला टेकवलेली शेकडो जुनी पॅनेलं. काहींच्या काचा फुटलेल्या.]

२०५० पर्यंत अशा बाद पॅनेलचा साठा ७ कोटी ८० लाख टनांपर्यंत जाऊ शकतो, असा अंदाज आंतरराष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा संस्थेने २०१६ मध्ये वर्तवला होता. युरोपने २०१२ पासून त्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. बऱ्याच देशांत ती अजून कुणावरच नाही, आणि पॅनेल सोडवण्यापेक्षा पुरून टाकणं स्वस्त पडतं.

[दृश्य: टेबलावर पॅनेल उलटं. आधी ॲल्युमिनियमची चौकट निघते. तापलेलं पातं काच आणि घट यांच्यामधून सरकतं.]

पॅनेलच्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश काचच असते. पातं नीट चाललं तर ती अख्खी सुटते, अशी.

[दृश्य: काच बाजूला ठेवली जाते. खाली निळसर-काळे तुकडे, त्यांवर चांदीच्या रेघा. कामगार एक तुकडा उचलून उजेडाकडे धरतो. आवाज फक्त शेडमधल्या पंख्याचा.]