जाळरेषा

(पहाट. सेमाडोहच्या रस्त्यावर धुकं.)

जानेवारीतला मेळघाट. गवत डोक्याएवढं वाढलंय. वरून पिवळं, बुडख्याशी अजून ओलं. वणवा विझवायचं काम इथे वणवा लागायच्या आधीच सुरू होतं, आणि हा ओलावा आहे तोवरच ते साधतं.

हे विळे बघा. वणवा अडवायला रानात आखलेल्या पट्ट्याच्या दोन्ही कडांचं गवत कापून आत ओढायचं. काही दिवस उन्हात वाळू द्यायचं. मग संध्याकाळी वारा पडला की मधला पट्टा पेटवायचा. बाजूचं रान ओलं असतं, आग सहसा आत शिरत नाही. पण वाऱ्याचा भरवसा कुणी धरत नाही. म्हणून दोन्ही कडांनी माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन आगीबरोबर चालतात. ही जाळरेषा. १५ फेब्रुवारीच्या आत ती पुरी व्हायला हवी. तिथून १५ जूनपर्यंत वणव्याचा हंगाम.

(रात्र. डोंगरावर पेटती रेघ. निवेदन नाही, फक्त गवताचा तडतडाट.)

पण साग थांबत नाही. त्याची सुपाएवढी पानं गळत राहतात आणि साफ केलेला पट्टा पुन्हा भरून जातो. मग पाठीवर पाला उडवणारा ब्लोअर, नाहीतर हातात फांद्यांचा खराटा. हे फायर वॉचर, म्हणजे वणव्याचे राखणदार, आसपासच्या गावांतले, बरेचसे कोरकू आदिवासी. हंगामापुरती मजुरी. मेळघाटात १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. त्याची राखण अशी पायी होते.

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश मोबाइलवर येतो. एक ठिपका म्हणजे जमिनीवर सुमारे ३७५ मीटरचा चौकोन. त्यातल्या कुठल्या नाल्यात आग आहे, ते चालत जाऊनच कळतं.

(मोहाचं झाड. खाली साड्या अंथरलेल्या.)

मोहाची फुलं पहाटे गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखाली काडी लावायची जुनी रीत. ती आग पुरती विझली नाही तर डोंगर पेटतो. १९२७ च्या वन कायद्यानं हा गुन्हा आहे. पण ऐन उन्हाळ्यात घरात रोख पैसा येतो तो याच फुलांतून, आणि वेचणाऱ्या बाईला नुसता धाक घालून काही बदलत नाही. या घरानं जुन्या साड्या अंथरल्यात. फूल मातीत पडत नाही, पाचोळा जाळावा लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं तर २०१२ मध्ये गावाला जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाल्यावर विडीची तेंदूपानं तोडणंच थांबवलं, कारण त्या पानांपायी फांद्या छाटल्या जात, रान पेटवलं जाई.

वणव्यात मोठा साग टिकतो. रोपं आणि जमिनीवरची घरटी जळतात, पावसात उघडी माती सिपना नदीत उतरते.

(एप्रिल. संध्याकाळ.)

बोरी, कोहा, कुंड ही गावं जंगलातून उठून बाहेर गेली. त्यांच्या शेतांची आता कुरणं झालीत. गवे चरायला उतरलेत. त्यांच्या मागे, कुरणाच्या कडेनं गेलेला तो उघडा पट्टा जानेवारीत जाळलेला आहे.