गाठ दिसली, आता तिचा प्रकार विचारा

श्रोतेहो, नमस्कार.

रावेर-यावलच्या केळीबागांत असो की शहादा-शिरपूरकडच्या कापसाच्या शेतात, आयाबहिणींच्या तोंडून एक वाक्य ऐकू येतं: "गाठ आहे, पण दुखत नाही." स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. म्हणून वेचणी आटोपेपर्यंत थांबू नका.

सगळ्या गाठी एका जातीच्या नसतात. बऱ्याच गाठी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसतात, त्यांना टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या चालतात. शंभरातल्या पंधरा-वीस गाठींमध्ये हर-टू हे प्रथिन जास्त असतं. त्यावर नेमकं जाऊन बसणारं ट्रॅस्टुझुमॅब अमेरिकेत १९९८ साली मान्य झालं.

जात ओळखायला सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुईनं गाठीचा तुकडा काढतात. सुई लावली की रोग पसरतो, ही भीती आपल्याकडे फार आहे. ती मनातून काढून टाका. तुकडा तपासल्याशिवाय नेमकं औषध ठरतच नाही.

कधी शस्त्रक्रियेच्या आधीच केमो देतात. गाठ विरघळते, कधी दिसेनाशी होते. मग सर्जननं शोधायचं कुठे? त्यासाठी केमोआधीच गाठीत तिळाएवढी धातूची खूण बसवतात. मॅमोग्राफीत ती स्पष्ट दिसते, आणि नेमका तेवढाच भाग काढता येतो. पुष्कळदा पूर्ण स्तन काढावा लागत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

आजार हाडांत, फुप्फुसांत गेला, तर प्रत्येक जागी सुई कशी घालणार? नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात. रोग कुठे आहे ते कळतं, जात कळत नाही. म्हणून इस्ट्रोजेनलाच किरणोत्सारी खूण जोडलेलं द्रव्य निघालं, अमेरिकेत २०२० मध्ये त्याला मान्यता मिळाली. जो डाग त्यानं उजळतो, तिथे गोळ्यांना धरायला जागा आहे. यकृत मात्र ते द्रव्य स्वतःच शोषतं, तिथलं काही वाचता येत नाही. ही तपासणी सगळ्यांना लागत नाही. गरज आहे का, ते डॉक्टर ठरवतील.

तुम्ही एवढं विचारा: "ईआर, पीआर आणि हर-टूचा रिपोर्ट काय आला?" ईआर-पीआर म्हणजे गाठ संप्रेरकांवर पोसते का, ते सांगणाऱ्या तपासण्या. उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, तेही विचारा. आणि जळगाव, धुळ्याहून मुंबईला जाताना जुन्या तपासण्यांच्या फिल्म नक्की सोबत न्या. नवीशेजारी जुनी धरली, तरच औषध लागू पडतंय का ते डॉक्टरांना दिसतं.