मानशीचं दार

नमस्कार श्रोतेहो.

गोवा वेल्ह्याहून आगशीकडे जाताना रस्त्यालगत खाजन शेती, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती, लागते. पाऊस दोन-तीन आठवड्यांवर आला की तिथल्या बांधांवर माणसं वाकून, खाली बघत, अगदी सावकाश चालताना दिसतात. काहीतरी हरवलं असावं, असं लांबून वाटतं. ती बांध पोखरणाऱ्या कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं शोधत असतात.

मी मूळची वसईची. लग्न होऊन इथे आले त्याला आता तीस वर्षं होतील. 'मानस' हा शब्द तोवर मला फक्त कवितेत भेटला होता; मानस म्हणजे मन, अंतःकरण. इथे आल्यावर शेजारणीने सांगितलं, मासळी मानशीवरची घे, ताजी असते. मला काही कळेना. मग तिने बांधावर नेऊन दाखवलं. मानस म्हणजे खाजनाच्या बांधात बसवलेलं लाकडी दार. भरतीचं पाणी चढू लागलं की त्याच्याच दाबाने ते मिटतं आणि खारं पाणी बाहेर थोपतं. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने तेच दार उघडतं आणि शेतात साचलेलं पाणी नदीला जाऊन मिळतं. कुणी पिढ्यान् पिढ्या हे सांभाळलं, म्हणून समुद्राच्या पातळीच्या खाली असलेल्या जमिनीतसुद्धा भात पिकतं.

बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या चौथ्या अध्यायात एक वचन आहे : 'सर्व रक्षणीय वस्तूंपेक्षा आपल्या अंतःकरणाचे विशेष रक्षण कर, कारण त्यात जीवनाचा उगम आहे.' लहानपणापासून ऐकलेलं, पाठ असलेलं वचन. त्याचा अर्थ मला त्या बांधावर उभं राहून लागला. आपण 'हृदय' म्हटलं की प्रेम, माया, हुरहुर असं काहीतरी मनात येतं. हिब्रू भाषेत त्या जागी 'लेव' हा शब्द आहे, आणि त्यात विचार येतो, इच्छा येते, निर्णयही येतो. माणूस आतून जिथे 'हो' किंवा 'नाही' म्हणतो ती जागा. म्हणजे दारच.

आमच्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ आहेत, सगळे त्यांना तियू, म्हणजे काका, म्हणतात. बांधाची देखरेख ते कित्येक वर्षं करत आलेत. एकदा मी त्यांना विचारलं, दार एवढं मजबूत आहे, मग ही रोजची पायपीट कशाला? ते म्हणाले, "बाय, भगदाड पडलं तर सगळा गाव धावून येतो. बीळ असतं बोटाएवढं. ते कुणाला दिसत नाही, आणि शेत पिवळं पडतं तेव्हा उशीर झालेला असतो."

श्रोतेहो, माझं बीळ नऊ वर्षांचं होतं.

वसईला आमची वडिलोपार्जित वाडी आहे. वडील गेल्यावर तिच्या वाटणीवरून मोठ्या भावाचं आणि माझं बिनसलं. कागदांवर काय झालं ते इथे सांगत नाही. माझं म्हणणं चुकीचं नव्हतं, आजही मला ते चुकीचं वाटत नाही. दादाने एक पत्र पाठवलं होतं, वहीचं पान फाडून निळ्या शाईत लिहिलेलं : 'तू येऊन एकदा बघून जा.' मी ते वाचलं, घडी घातली आणि कपाटाच्या खणात प्रार्थनेच्या पुस्तकाखाली ठेवून दिलं. नऊ वर्षं दर रविवारी मी ते पुस्तक काढत होते, मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जात होते, तिथे ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकर, स्वीकारत होते, आणि पुस्तक परत त्याच पत्रावर ठेवत होते. ईस्टरआधीच्या उपवासकाळात, पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी आमच्या गावात संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. लांबून लांबून माणसं येतात. तिच्यातही मी दरवर्षी मेणबत्ती घेऊन चालले. पापनिवेदनाला, म्हणजे ज्याला इथे कुमसार म्हणतात त्याला, माझी यादी ठरलेली असायची : चिडले, प्रार्थना चुकवली, शेजारणीबद्दल बोलले. दादा त्या यादीत कधीच नव्हता. कारण माझ्या मते तिथे पाप माझं नव्हतंच, त्याचं होतं.

असं मन स्वतःहून उघडत नाही. त्याला रीत लागते. ती मला ज्यांच्याकडून मिळाली, ते येशूसंघ या धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. घरी महिनोन्‌महिने पडून असताना त्यांनी एक गोष्ट हेरली. पराक्रमाची, मानमरातबाची स्वप्नं रंगवताना मजा वाटायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांच्या जीवनाचा विचार केला की समाधान मागे उरायचं. एवढ्याशा निरीक्षणातून पुढे रोजचं विवेकपरीक्षण उभं राहिलं. त्याच्या पायऱ्या पाच. आधी देवाचे आभार. मग आपलं पाप दिसावं म्हणून त्याच्याकडे कृपा मागायची. मग उठल्यापासूनचा दिवस तासातासाने बघायचा. मग क्षमा, आणि शेवटी उद्यासाठी निश्चय. एखादा विशिष्ट दोष घालवायचा असेल तर इग्नेशियस आणखी एक साधी गोष्ट सांगतात : चूक झाली की छातीला हात लावायचा आणि रात्री कागदावर ओढलेल्या रेघेवर तेवढे ठिपके मांडायचे.

आभार पहिले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्यात काहीजण असे आहेत, की आत बघा म्हटलं की ते स्वतःला झोडपायलाच बसतात. ते परीक्षण नव्हे. तुमचा स्वभाव तसा असेल तर महिनाभर पहिल्या पायरीवरच थांबा. ज्याचे आभार मानले, त्याच्यासमोर चूक कबूल करायला भीती वाटत नाही.

माझं काय झालं ते सांगते. एका रात्री मी तासातासाने दिवस बघत होते. सकाळ, स्वयंपाक, बाजार, दुपार. संध्याकाळच्या साडेसहा-सातवरून मात्र मी भरभर पुढे सरकले. थांबले. पुन्हा मागे गेले, पुन्हा सटकले. साडेसहाला वसईहून फोन आला होता. नंबर ओळखीचा होता, मी हात पुसत उभी राहिले आणि तो वाजू दिला. मग उरलेली भांडी घासली. सगळ्या दिवसातला तेवढा एक मिनिट मला देवाला दाखवायचा नव्हता.

त्याच सुमारास इग्नेशियसांच्याच संघातले संत फ्रान्सिस झेवियर यांच्याबद्दलची एक गोष्ट वाचनात आली. ते ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले, हे आपल्याला ठाऊक असतं. २०२४च्या त्यांच्या शवप्रदर्शनाला मीही जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिका आणि से कॅथेड्रलच्या आवारात रांगेत उभी राहिले होते. पण हे ठाऊक नव्हतं : १५४६ मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या दूरच्या अंबोइना बेटावरून त्यांनी युरोपातल्या आपल्या संघबंधूंना कळवलं, की तुमच्या पत्रांतली तुमच्या हातची नावं मी कापून घेतली आहेत आणि ती कायम जवळ बाळगतो. समुद्रापार एकट्या पडलेल्या त्या माणसाने भावांची अक्षरं अंगावर वागवली. आणि माझ्या भावाचं अक्षर माझ्या खणात, प्रार्थनेच्या पुस्तकाखाली दाबलेलं.

मग नवं व्हायचं कसं? बीळ सापडलं म्हणजे शेत सुधारलं असं नाही. तियूंना मी हेच विचारलं होतं, की खारं पाणी एकदा शिरलं तर काय करता? ते म्हणाले, बीळ बुजवायचं, दाराची डागडुजी करायची आणि पावसाची वाट बघायची. मीठ खरवडून निघत नाही. पाऊस ते धुतो, ओहोटीला दार उघडतं, खारटपणा निघून जातो, आणि तोही एका पावसाळ्यात संपेलच असं नाही.

बायबलमधल्या एक्कावन्नाव्या स्तोत्राला ही जाण आहे. परंपरेने ते दाविदाचं मानतात. दुसऱ्याची बायको बथशेबा हिच्याशी संबंध ठेवून आणि तिचा नवरा उरीया याचा खून करवूनही दावीद राजा निवांत होता. नाथान संदेष्ट्याने त्याला एका श्रीमंताने हिरावून घेतलेल्या गरिबाच्या एकुलत्या एक कोकरीची गोष्ट सांगितली, तेव्हा दाविदाला त्या गोष्टीतल्या श्रीमंताचा संताप आला. दुसऱ्याचं पाप त्याला लख्ख दिसलं. नाथान म्हणाला, 'तो मनुष्य तूच आहेस.' आणि मग ते मागणं येतं : 'हे देवा, माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर.' तिथला हिब्रू शब्द आहे 'बारा'. देवाने आकाश व पृथ्वी उत्पन्न केली, त्या उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यातला शब्द. बायबलमध्ये त्या क्रियेचा कर्ता नेहमी देवच असतो. दावीद 'मी सुधारेन' असं म्हणत नाही. यहेज्केल संदेष्ट्यानेही बाबेलमध्ये बंदिवासात असलेल्या लोकांना देवाचा शब्द सांगितला तो असाच : मी तुम्हांला नवे हृदय देईन, पाषाणमय हृदय काढून मांसमय हृदय देईन. देणारा तो आहे. बिळं मात्र आपणच शोधायची, वाकून, रोज.

आणि प्रभू येशूने एक अट सोडलेली नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात तो सांगतो, वेदीशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. दोष कुणाचा, हे तो तिथे विचारत नाही. ते वाक्य मी नऊ वर्षं दुसऱ्यांसाठी वाचत आले होते.

गेल्या मे महिन्यात, एका रविवारी मिस्साला निघण्याआधी, मी दादाला फोन केला. त्याने उचलला. काय बोलायचं ते मी पाठ करून ठेवलं होतं, ते सगळं विसरले. थोडा वेळ दोघंही गप्प होतो. मग तो म्हणाला, "पाऊस पोचला का गं तुमच्याकडे?" मी म्हटलं, नाही अजून, ढग आहेत. तो म्हणाला, वाडीतल्या विहिरीचं पाणी मचूळ झालंय, केळी नीट धरत नाहीत. मला दादाचं थकलेलं बोलणं ऐकू येत होतं, आणि मागे आमच्या घराच्या दाराची ती जुनी कडी वाजली.

वाटणीचा प्रश्न सुटलेला नाही. कागद आहेत तिथेच आहेत. पत्र मी खणातून काढलं, आता ते माझ्या पर्समध्ये असतं. नाताळच्या आधी जाऊन वाडी बघून येणार आहे, आणि ती विहीरही.